आतल्या बाजूचा दाब

आमच्या प्रयोगशाळेत एक तोफ आहे. हे ऐकलं की लोकांचे डोळे मोठे होतात, म्हणून आधीच सांगून टाकते, ती लढाईची नाही. लांबलचक पोलादी नळी, तिच्या मागे दाबून भरलेला वायू आणि पुढे हवा काढून घेतलेली टाकी, एवढाच तिचा संसार. वायू सुटला की नळीतून धातूची एक तबकडी सुसाट येते आणि टाकीत बसवलेल्या चकतीवर सपाट आदळते. आदळली की चकतीतून धक्क्याची लाट जाते. त्या लाटेचा दाब किती होता, हे मोजणं माझं काम. लाट पापणी लवायच्या आत येते, जाते आणि वर चकतीचा भुगा करून मोकळी होते. दुसऱ्यांदा विचारायची सोय नसते. मला हे काम आवडतं, कारण इथे कोणी मागाहून "मला तसं म्हणायचं नव्हतं" असं म्हणत नाही.

मोजायला आम्ही गेज लावतो. मँगनिन नावाच्या मिश्रधातूची कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पत्री, आणि तिच्यात नागमोडी कोरलेली, शर्टाच्या बटणाहून लहान जाळी. जाळीतून वीज सोडायची. तिच्यावर दाब आला की विजेला होणारा विरोध वाढतो, आणि तो किती वाढला यावरून दाब काढायचा. ऐकायला सोपं आहे. करायला घेतलं की नाकी नऊ येतात. जाळी चकतीला चिकटवताना गोंदात एक बुडबुडा राहिला, तारेचा सांधा जरा जाड झाला, वीज क्षणभर आधी सुटून जाळी तापली, की आकडा गेला कामातून. म्हणून मी चिमट्याने काम करते, श्वास रोखून करते, आणि मध्ये कोणी बोललं तर त्याची खैर नसते. हे सगळ्यांना माहीत आहे. तोफवाले काका तर मी टेबलापाशी बसले की खोकलासुद्धा बाहेर जाऊन काढतात.

त्या वर्षी एका कारखान्याचं काम आलं. खाणीत दगड फोडायला लागणारा स्फोटक माल बनवणारा हा कारखाना. त्यांनी एक नवी शेड बांधली होती. शेडच्या एका बाजूला माल घोटणारी यंत्रं, तिथे माणूस नाही. दुसऱ्या बाजूला तो माल भरणारी माणसं. मध्ये भिंत. यंत्रांच्या बाजूला काही झालंच तर या भिंतीने ते अंगावर घ्यायचं आणि पलीकडच्या माणसांना वाचवायचं. भिंत नव्या, वजनाला हलक्या ठोकळ्यांची होती. धक्का ठोकळ्यातून पार होऊन आतल्या बाजूला, म्हणजे माणसांच्या बाजूला, किती दाबाने पोचतो हे आम्ही सांगायचं. तो एका मर्यादेच्या खाली राहिला तर भिंत पास आणि शेड सुरू.

शेड सुरू झाली की तिथे शिफ्टचा प्रमुख म्हणून माझा दादा लागणार होता.

लपवाछपवी मला जमत नाही. पहिल्याच दिवशी मी सरांच्या टेबलासमोर उभी राहिले आणि सांगितलं, की माझा सख्खा भाऊ त्या भिंतीमागे काम करणार आहे. सर आमचे प्रमुख. चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा शोधणारे, पण कामात पक्के.

"मग हे काम दुसऱ्या कोणाला देऊ?" त्यांनी विचारलं.

"दुसरं कोण आहे?"

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. गेज लावणारी मी एकटीच होते. "ठीक आहे," ते म्हणाले. "हात तुझे, सही माझी. आणि कारखान्यालाही हे कळवून ठेवतो, मागाहून बोंबाबोंब नको."

ठोकळे ठिसूळ निघाले. कापता कापता निम्मे हातात फुटले आणि शेवटी तीन चकत्या तेवढ्या धड उतरल्या. नवे ठोकळे ओतून, वाळवून पाठवायला कारखाना तयार नव्हता. तीनमध्ये भागवा म्हणाले. एरवी तीन म्हणजे चैन. एक मोजायला, एक पडताळायला, एक नशिबाला.

पहिली चकती फोडली. दाब मर्यादेच्या बराच खाली आला. मी मनातल्या मनात दादाचं अभिनंदनही करून टाकलं. दुसरी फोडली. तीच तबकडी, तोच वेग, तीच मी. दाब मर्यादा ओलांडून पार वर गेला.

"हे काय नवीन?" काका म्हणाले.

सरांनी दोन्ही आलेख शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ पाहिले. "एक गेज खोटं बोलतंय," ते म्हणाले. "कुठलं ते तू शोध. नाहीच सापडलं तर दोघांची सरासरी काढू."

माझं डोकंच फिरलं. दोन साक्षीदार आहेत, एक म्हणतो माणूस घरी होता, दुसरा म्हणतो बाजारात होता, म्हणून काय तो अर्ध्या रस्त्यात उभा होता असं लिहायचं? हे मी बोलूनही दाखवलं. सर म्हणाले, "म्हणून तर शोध म्हणतोय."

सुट्टीच्या दिवशी दादाकडे गेले. दादा माझ्याहून बराच मोठा. आई गेल्यावर माझ्या वेण्या त्यानेच घातल्या, वाकड्या घातल्या, पण घातल्या. त्याचा जुना कारखाना बंद पडला तेव्हापासून तो दुसऱ्याच्या गाडीवर सामान पोचवायचं काम करत होता. वीस माणसं हाताखाली ठेवलेला माणूस जिने चढून लोकांच्या दारात कपाटं ठेवत होता आणि ती डावीकडे ठेवा, उजवीकडे ठेवा, हे ऐकून घेत होता. तो त्याबद्दल कधी बोलत नसे. त्याची पाठ बोलायची. खुर्चीतून उठताना तो हल्ली टेबलाला हात लावायचा.

"काय म्हणतंय तुझं मशीन?" त्याने मी बसायच्या आधीच विचारलं.

"दोनदा दोन गोष्टी म्हणतंय."

"पहिल्यांदा काय म्हणालं?"

"पास."

"मग तिथेच थांबायचं होतंस ना, चिमे."

वहिनी हसल्या. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी हसू आवरलं. "यांनी नवे बूट आणून पॉलिशसुद्धा करून ठेवलेत," त्या हळूच म्हणाल्या. "रात्री उठून बघतात."

"बघत नाही, पाणी प्यायला उठतो," दादा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "हे बघ, दोनात एक तरी पास आहे ना? मग तो दे. खोटं बोल असं म्हणत नाहीये मी. जो आलाय तोच दे."

"आणि दुसरा?"

"दुसरा चुकला असेल. चुकत नाही का माणूस? एवढीशी ती जाळी, तू सकाळपासून डोळे फोडून लावणार. एखादी चुकली म्हणून कोणी तुला फासावर देणार नाही."

"दादा, त्या भिंतीमागे तू असणार आहेस."

"अगं, म्हणून तर म्हणतोय. मला चालतंय, तर तुझं काय जातंय?"

मी ताडकन उठले आणि निघाले. वहिनी जिन्यापर्यंत आल्या. दादा आला नाही. त्यानंतर आमचं बोलणंच बंद झालं, आणि खरं सांगते, मला फार लागलं ते. पण हट्टाला पेटायला मला तेवढंच पुरलं. ठरवलं, की खोटं बोलणारं गेज शोधल्याशिवाय तिसऱ्या चकतीला हात लावायचा नाही.

मी दोन्ही चाचण्यांचा पिच्छा पुरवला. गोंदाची जाडी चिकटवताना मोजून ठेवलेली होती, ती दोन्हीकडे सारखी. वीज कधी सुटली ते तपासलं, वेळेवर सुटली होती. दोन्ही जाळ्या एकाच पत्रीतून कापलेल्या. तबकडीचा वेग सारखा. तबकडी तिरकी तर आदळली नाही ना, म्हणून काकांना इतक्यांदा विचारलं, की शेवटी ते म्हणाले, "बाई, मला तिरकं चालता येतं, तोफेला येत नाही." स्कोपवरच्या, म्हणजे गेजची वीज रेघेत दाखवणाऱ्या पडद्यावरच्या, रेघा पाहिल्या. दोन्ही स्वच्छ. लाट आली तशी रेघ चढली, थांबली, लाट उलटली तशी उतरली. बिघडलेल्या गेजची रेघ अशी शहाण्यासारखी वागत नाही.

म्हणजे खोटं कोणीच बोलत नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी स्टुलावर बसून राहिले. सगळं सारखं असून उत्तर वेगळं येत असेल, तर एकच गोष्ट उरते, चकती. आणि चकत्या तर एकाच जातीच्या ठोकळ्यांच्या होत्या.

चकत्या कापताना उरलेला तुकडा खोक्यात पडून होता. तो मी बाहेर काढला. आमची पद्धत अशी, की जाळी चिकटवण्याआधी चकतीची बाजू काचेवर पूड घालून घासायची, अगदी सपाट होईपर्यंत. बारीक छिद्रं गोंदाने भरायची आणि पुन्हा घासायचं. मग ती बाजू हाताला लोण्यासारखी लागते आणि दिसायला सगळीकडून एकसारखी राखाडी. हा तुकडाही मी तसाच घासला, मग नळाखाली धरला. धुळकट फरशी ओली केली की तिचे डाग दिसतात, तसं झालं. ओल्या राखाडीत गडद ठिपके उमटले. भिंगाखाली पाहिलं. फेसाळ सिमेंटमध्ये भाजलेल्या मातीच्या टणक गोळ्या घातलेल्या होत्या, मजबुती यावी म्हणून. एकेक गोळी माझ्या जाळीएवढी.

आता सगळं समजलं. आम्ही जन्म काढला तो धातूवर. तांबं घ्या, पोलाद घ्या, मधोमध एक जाळी लावली की काम झालं, कारण मध्ये जे तेच कडेला. तीच सवय आम्ही या ठोकळ्याला लावली. पहिल्या चकतीत जाळी फेसावर बसली होती, दुसरीत गोळीवर. फेस चिरडून धक्का जिरवत होता, गोळी तो जसाच्या तसा पुढे ढकलत होती. आणि घासून घासून, छिद्रं बुजवून, तो फरक आम्हीच आमच्या हातांनी झाकला होता. जास्त नीटनेटकं काम केल्याने फसलेली माणसं दुसऱ्या कुठल्या धंद्यात असतील तर मला माहीत नाहीत.

सरांना तो तुकडा दाखवला. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, भिंगातून पाहिलं आणि "अरेच्चा" म्हणाले. त्यांना पटायला वेळ लागला नाही. पण पुढचं त्यांचं म्हणणं वेगळं होतं.

"मग मोठं गेज लाव," ते म्हणाले. "अर्धी चकती व्यापेल असं. गोळ्या, फेस, सगळं एकदम मोजलं जाईल आणि एकच आकडा येईल. रीतच आहे ती. आणि कारखान्यालाही एकच आकडा हवाय."

"ती सरासरीच झाली, सर. आपण काढायच्या ऐवजी गेज काढणार."

"पूर्ण भिंतीला सरासरीच लागते. भिंत पडेल की उभी राहील, हे एका गोळीवर ठरत नाही."

"भिंत पडणार नाही," मी म्हणाले. "भिंत उभीच राहील. पण दाब जिथे जास्त पोचेल तिथे आतल्या बाजूचा तुकडा सुटून उडेल. पलीकडे माणसं काम करतात. दादा सरासरीच्या मागे बसणार नाही, सर. तो कुठल्या तरी एका जागेच्या मागे असणार."

सर बराच वेळ पेनाचं टोपण काढत आणि लावत बसले. "किती गेज लावायची म्हणतेस?"

"चार."

"वीज देणारे डबे किती आहेत आपल्याकडे?"

"दोन चालू. एक मोडका. एक मागून आणीन."

"आणि जागा? तू गोळ्या बघून बघून त्यांच्यावरच जाळ्या लावशील, तर कारखाना म्हणेल की मुद्दाम वाईट जागा शोधल्या. आणि उलट केलंस तर मी म्हणेन, की भावासाठी चांगल्या शोधल्यास."

ते मला लागलं, पण खरं होतं. म्हणून असं ठरलं, की चकती पालथी ठेवायची, काकांनी डोळे मिटून ती फिरवायची आणि मागच्या बाजूला फुली मारायची. फुलीच्या चार टोकांवर चार जाळ्या. ओली करून पाहायचं नाही. काकांनी चकती फिरवली, फिरवली, आणि इतक्या गंभीरपणे फुली मारली, की जणू जमिनीची हद्द आखत होते.

मग मी कामाला जुंपून घेतलं. मोडक्या डब्यातले जळके भाग बदलले, तो चालू झाला आणि लगेच पुन्हा बंद पडला, मग पुन्हा बदलले. चौथा डबा दुसऱ्या एका प्रयोगशाळेतून आणला, त्यांच्या प्रमुखांनी तो देताना असं नाक मुरडलं, की जणू मी त्यांची सायकलच मागितली. जाळ्या एकाच पत्रीतल्या हव्या होत्या, कारण पत्री बदलली की हिशोब बदलतो. त्या पत्रीत पाचच उरल्या होत्या, त्यातली एक तार जोडताना फाटली. उरलेल्या चार मात्र एकेक करून, वजनाखाली दाबून, बुडबुडा राहिला का ते उजेडात धरून पाहत, बसवल्या. मान अवघडली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण चिमटा खाली ठेवला नाही. मनात भीती एकच होती. चारही जाळ्या फेसावर पडल्या असतील तर? मग आकडे चांगले येतील, भिंत पास होईल आणि दुसऱ्या चकतीचं म्हणणं कोणी ऐकणार नाही. आणि दुसरी भीती तिच्या मागेच उभी होती, की एखादी गोळीवर पडली असेल तर दादाला मी काय तोंड दाखवणार.

चाचणी बघायला आमचा माणूस पाठवतो, असं कारखान्याने कळवलं. आणि माणूस म्हणून पाठवलं कोणाला, तर दादाला. ही युक्ती कोणाच्या डोक्यातून निघाली ते ठाऊक नाही, पण ती न कळण्याइतकी मी दुधखुळी नाही. बहीण भावाच्या डोळ्यांसमोर त्याची नोकरी कशी घालवेल, असा त्यांचा हिशोब.

दादा आला. इस्त्रीचा शर्ट, पायात ते नवे बूट. सरांना नमस्कार केला, काकांशी हात मिळवला, माझ्याकडे पाहून मान हलवली, बस. आम्ही त्याला जाड काचेमागच्या खोलीत उभं केलं.

टाकी बंद झाली. पंपाने हवा काढून झाली. शेवटची तपासणी म्हणून मी बाहेरून चारही जाळ्या पाहिल्या. तीन ठीक. चौथी मेली होती, तिच्यातून वीजच जात नव्हती.

"तीन आहेत ना चालू," काका म्हणाले. "आता उघडायचं म्हणजे सगळं पहिल्यापासून, बाई."

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. "तीन पुरतील की. आपण तर एकावर भागवत होतो."

"उघडा," मी म्हणाले.

"अगं, पण..."

"सर, टाकी उघडा. चार म्हटलंय तर चार."

काकांनी सुस्कारा सोडला आणि टाकीत हवा सोडली. झाकण उघडल्यावर मी अर्धी आत वाकून प्रत्येक सांधा पाहिला. चौथ्या जाळीची तार टाकीच्या भिंतीपाशी, जोडाजवळ तुटली होती. जाळी चांगली होती. तिथेच, वाकलेल्या पाठीने, तार नव्याने जोडली. मध्ये एकदा मान वर केली तर दादा काचेला नाक लावून माझ्या हातांकडे पाहत होता. माझं काम त्याने आजवर पाहिलेलंच नव्हतं.

पुन्हा झाकण, पुन्हा पंप. चारही जाळ्या जिवंत. काकांनी भोंगा दिला, सगळे काचेमागे आलो, आणि तोफ उडाली. आवाज म्हणावा असा काही नसतो, पायाखालची जमीन दचकते फक्त. दादा भिंतीला टेकला.

स्कोपवर चार रेघा उभ्या राहिल्या. तीन मर्यादेच्या खाली, एकमेकींच्या आसपास. चौथी त्या तिघींना मागे टाकून सरळ वर गेली होती. दुसऱ्या चकतीपेक्षाही वर.

सरांनी खुर्ची ओढली आणि कागदावर भराभर हिशोब केला. "चौघींची सरासरी मर्यादेत बसते," ते म्हणाले.

दादाने सुटकेचा श्वास टाकला. मला तो ऐकू आला.

"आणि वरची रेघ," सर सावकाश म्हणाले, "ती त्या दुरुस्त केलेल्या तारेचीच आहे. कारखाना म्हणेल, की घाईत जोडलेली तार, तिचा काय भरवसा. त्यांना ती रेघ बाद करता येईल."

आता सगळे माझ्याकडे पाहत होते. दादासुद्धा. त्याच्या डोळ्यांत काय होतं ते मी ओळखलं. बाद कर, एवढंच होतं. मी एक शब्द न बोलता नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"तार तुटली असती तर रेघ वर जाऊन तिथेच हरवली असती," मी म्हणाले. "ही वर गेली, थांबली, आणि बाकीच्या तीन उतरल्या तेव्हा त्यांच्याबरोबर खाली आली. तुटलेली तार खाली येत नाही, सर."

सर स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. पुष्कळ वेळ पाहिलं. "नाही येत," ते म्हणाले. "रेघ खरी आहे. आकडे चारही लिहावे लागतील आणि सगळ्यात वरचा पहिला." त्यांनी सरासरीचा कागद चुरगळून खिशात घातला.

काका उगाचच भोंग्याची वायर गुंडाळू लागले. मग दादा पुढे आला. स्क्रीनपाशी उभा राहिला आणि बोटाने वरची रेघ दाखवली.

"हे भिंतीत कुठे येतं?"

"कुठेही," मी म्हणाले. "जिथे गोळी असेल तिथे. भिंतभर आहेत त्या. बाहेरून दिसत नाहीत."

"आणि तिथे काय होतं?"

"आतला तुकडा सुटतो. बंदुकीच्या गोळीसारखा येतो. भिंत तशीच उभी राहते."

त्याचं बोट रेघेवरच राहिलं. मला वाटलं, आता चिडेल, किंवा न बोलता निघून जाईल, आणि पुढची कित्येक वर्षं मला वहिनींकडूनच त्याची खुशाली कळत राहील. मी तेही सोसायची तयारी केली होती.

"मला वाटत होतं, माझ्या एकट्याचं आहे," तो म्हणाला. "म्हटलं, मला चालतंय ना, तर झालं. पण शिफ्ट माझी म्हणजे सकाळी माणसं मीच लावणार. तू इथे उभा राहा, तू तिथे." त्याने माझ्याकडे पाहिलं. "चिमे, मी कोणाला कुठे उभं करू?"

माझ्याकडे चार आकडे होते, पण त्यातला एकही या प्रश्नाचा नव्हता.

त्याने खिशातून फोन काढला. कारखान्याच्या व्यवस्थापकांना लावला आणि आमच्या सगळ्यांच्या देखत, उभ्याउभ्या बोलला.

"साहेब, मी चाचणीवरून बोलतोय. भिंत नापास आहे." पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं. दादा ऐकत होता आणि ऐकता ऐकता त्याचं तोंड घट्ट होत गेलं. "नाही, बहिणीने नाही सांगितलं. तिने आकडे दाखवले. नापास मी म्हणतोय. तुम्ही मला इथे तुमचा माणूस म्हणून पाठवलंत ना? मग तुमच्या माणसाने बघितलं." पुन्हा पलीकडचा आवाज, आता चढलेला, आम्हालाही ऐकू येणारा. "हो, कळतंय मला, शेड उघडली नाही तर जागाही नाही. दुसऱ्या कोणाला नेमलंत तरी त्यालाही मी हेच सांगणार, गेटवर उभा राहून. तुमची मर्जी."

त्याने फोन ठेवला.

"गेली," तो म्हणाला, कोणाकडेच न पाहता. मग स्टुलावर बसला, माझ्या स्टुलावर, ज्यावर मी कोणाला बसू देत नाही. मी त्याच्याशेजारी जाऊन उभी राहिले. पाणी दिलं. त्याने ते सगळं प्यायलं.

"ही भिंत किती जाड केली तर चालेल?" त्याने विचारलं.

"आत्ता नाही सांगता येणार. आणखी चकत्या फोडाव्या लागतील. गोळ्या नसलेल्याही बघाव्या लागतील."

"चकत्यांना ठोकळे लागतील."

"हो. आणि ते द्यायला कारखाना तयार नाही."

"ठोकळे ओतणारा मला ओळखतो," दादा म्हणाला आणि टेबलाला हात न लावता उठला. "उद्या सकाळी गाडी माझ्याकडेच आहे. किती आणू ते सांग."